फ्लेक्सवरची गोरी पोरगी

छत्रपती संभाजीनगर

ती. आप्पा, तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

मी खुशाल आहे. गुडघा आता फारसा दुखत नाय.

बर्फावरच्या स्केटिंगचं राष्ट्रीय पदक मिळालं म्हणून काल उस्मानपुऱ्यात माझा सत्कार झाला. फ्लेक्सवर अकरा पुढारी आणि मधोमध नेटवरून उचललेली कुणी गोरी पोरगी. खाली नाव तेवढं माझं! मी बोलले, तर संयोजक म्हणतात, "ताई, लोकांना कुठं कळतंय?" खरंच कळलं नाय. फ्लेक्ससोबत सेल्फी काढणारे मलाच म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

सोयगावात कापूस वेचून झाला का? बीपीची गोळी घेता ना?

आईला म्हणावं, काढून ठेवलेली मीठ-मोहरी परत डब्यात टाक. माझी दृष्ट काढायची गरज नाय. माझ्याकडं कुणी पाहिलंच नाय.

तुमची,
प्रेरणा