रेघेखालची माणसं

शनिवार, दि. २
आज सामान लागलं. घर लहान आहे, पण आपलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. व्हरांड्यातून सगळी वसाहत दिसते. टेकडीच्या उतारावर बारा प्लॉट, मधून एक कच्चा रस्ता, भोवती तारेचं कुंपण आणि खाली एकच लोखंडी गेट. बारापैकी पाचच घरं उभी आहेत. बाकी सगळं गवत. हिला जागा आवडली. गुडघ्यांमुळे तिला जिने नको होते, या घराला एकही पायरी नाही. संध्याकाळी म्हणाली, अहो, आता इथून मला चौघांनीच उचलायचं. मी म्हटलं, आधी मला, मी मोठा आहे. खूप दिवसांनी हसलो दोघं.

रविवार, दि. ३
ज्यांच्याकडून घर घेतलं ते मास्तर आज घराच्या आणि गेटच्या किल्ल्या द्यायला आले आणि जाता जाता प्लॉटधारक संघाचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात घालून गेले. मी म्हटलं, माझं शिक्षण पाचवी, आयुष्य गेलं गोदामात पोती मोजण्यात. ते म्हणाले, मोजता येतं ना, मग झालं.
काम सोपं आहे. दर रविवारी चार वाजता गेटजवळच्या खोलीत सभा. पाच माणसं हवीत, म्हणून खुर्च्याही पाचच. येईल त्याचा प्लॉट नंबर हजेरीवहीत लिहायचा, सही घ्यायची, पाच झाले की खाली लाल रेघ मारायची. रेघेनंतर आला तो गैरहजर. पाच भरले नाहीत तर सभा तहकूब. हे शेवटचं मास्तरांनी तीनदा सांगितलं. कमी पडले तर घरी जा, वहीत माणूस भरू नका. शाळेतली सवय, दुसरं काय. बस सुटेल म्हणून चहालाही थांबले नाहीत.

रविवार, दि. १०
सभा तहकूब. चौघेच आलो. चेअरमन, शिंपी, कोंबड्यावाल्या काकू आणि मी. पाचव्या नर्सबाई, प्लॉट चार. त्यांची रविवारी ड्युटी असते, त्यामुळे म्हणे तीन महिने सभाच झालेली नाही. इकडे पाण्याचा पंप बंद पडलाय आणि ठरावाशिवाय चेअरमन त्याला हात लावू देत नाहीत. मी दिवसाला बारा कळश्या विहिरीवरून आणतो. काल माझी पाठ धरली, तर ही लंगडत स्वतः निघाली आणि वाटेत बसली. नर्सबाईंनी पाहिलं. घरी आणून गुडघ्यांना मलम चोळलं, डबी ठेवून गेल्या. भली बाई.
शिंप्याकडे करडी पँट दिली आहे, लांबी कमी करायला. तो म्हणाला, काका, पँट लांब नाही, तुम्ही आखडलात.

रविवार, दि. १७
सभा झाली. पंपाचा ठराव झाला. पण कशी झाली ते लिहून ठेवतो, मनाला लागलंय.
पाच वाजेपर्यंत चौघेच होतो. काकू कुरकुरायला लागल्या की कोंबड्या बाहेर आहेत. शिंपी म्हणाला, लिहा की कुणाचातरी नंबर, वही काय उठून बोलणार आहे? चेअरमन खिडकीबाहेर बघत बसले. मला हिचे गुडघे दिसत होते. मी प्लॉट नऊ लिहिला. नऊवर घर नाही, मालक कुणी पाहिला नाही, चार हद्दीचे दगड आणि गवत. पुढे ‘हजर’ लिहिलं, गिरगोट्यासारखी सही केली, लाल रेघ मारली.
ठरावाला हात वर करा म्हटलं. सवयीने मोजले. पाच भरले. पुन्हा मोजले तर चार. उन्हाने डोळे दिपले असतील.
तेवढ्यात नर्सबाई धापा टाकत आल्या. सुट्टी टाकून आल्या होत्या बिचाऱ्या. शिंपी म्हणाला, बाई, तुम्ही रेघेखाली. सगळे हसलो. त्याही हसल्या. बसायला म्हणून रिकाम्या खुर्चीकडे गेल्या आणि बसल्या नाहीत. तिथे कुणी आहे का, असं मला हळूच विचारलं.

सोमवार, दि. १८
मलमाची डबी द्यायला प्लॉट चारवर गेलो. घर बंद. कुलपावर गंज, दारात कमरेएवढं गवत. काल संध्याकाळी त्यांना या दारातून आत जाताना मी पाहिलं आहे.
काकू म्हणाल्या, कोण नर्सबाई? चारवर कुणी राहायला आलंच नाही कधी. शिंपी म्हणाला, सेक्रेटरी, ऊन लागलं तुम्हाला. हिला विचारलं. ही म्हणते, डबी तर तुम्हीच गावातून आणलीत.
मागची पानं काढून वाचली. दहा तारखेला लिहिलंय मी. भली बाई, असं लिहिलंय.

रविवार, दि. २४
लवकर गेलो. सभा तहकूब करायची, असं ठरवून. वही उघडली तर आजची तारीख पडलेली आणि पहिले दोन नंबर भरलेले. नऊ, हजर. चार, हजर. अक्षर माझं. ओळीच्या शेवटी निब टोचून कागद फाटतो, तो माझाच हात. पण मी लिहिलेलं नाही. देवाशपथ नाही.
दोन खुर्च्यांच्या वेतात खळगे पडले होते, माणूस बसल्यावर पडतात तसे.
चेअरमन आले, काकू आल्या, मी होतोच. भरले पाच. शिंपी मिनिटभर उशिरा आला, कॉलरला सुई टोचलेली. खुर्ची नाही म्हटल्यावर म्हणाला, उभाच राहतो, बसून बसूनच पाय गेलेत माझे. मी ओरडलो की रेघ मारायची नाही. रेघ मारलेली होती.
आत ठरावही लिहिलेला. गेटची किल्ली आजपासून प्लॉट नऊकडे राहील. खिशात हात घातला. किल्ली नाही, आणि गेटला कुलूप.

सोमवार, दि. २५
शिंप्याचं घर. धूळ, जाळी, आत सामान काहीच नाही. खिडकीतून खिळ्याला माझी करडी पँट दिसते. एक पाय कमी केलेला, दुसरा तसाच.

बुधवार, दि. २७
वही विहिरीत टाकली. परत आलो तर खोलीत टेबलावर, कोरडी.
चिरंजिवांना फोन केला. तो म्हणाला, बाबा, गेटला कुलूप असेल तर किल्ली मागून घ्या की. कुणाकडे मागू ते सांगता येईना. ठेवून दिला.
हिला काही बोललो नाही. पंप सुरू झाला म्हणून ती खूश आहे. दिवसभर बादल्या भरून ठेवते.

रविवार, दि. ३१
आज मी जे केलं ते लिहितो. नऊ, चार आणि शिंप्याचा प्लॉट अशा तीन खुर्च्या भरल्या असणार, हे चेअरमननाही आता कळलंय. ते सकाळपासूनच जाऊन बसले होते. उरली एक. काकू आणि मी रस्त्यावर बरोबर होतो. मी भराभर चाललो. मग पळालो. मागून त्यांच्या चपला वाजत होत्या. म्हणत होत्या, अहो सेक्रेटरी, थांबा की जरा, म्हाताऱ्या बाईला मागे टाकून कुठे निघालात?
मी मागे पाहिलं नाही. बसलो.
वहीत नवा ठराव. यापुढे प्लॉटमागे एकच माणूस धरला जाईल, जो खुर्चीवर बसेल तो. बाजूने तीन, विरोधात दोन. आम्ही दोघांनी हात वर केले होते. दोन्ही हात खाली पडेपर्यंत केले होते.

सोमवार, दि. १
अंगणात कोंबड्या फिरताहेत. ही म्हणते, कुणाच्या गं बाई या एवढ्या कोंबड्या? दाणे टाकतेय त्यांना.

मंगळवार, दि. २
चेअरमन कुंपणावरून उतरून गेले. मला चला म्हणाले. हिला पाठुंगळी घेऊन कुंपणापर्यंत गेलो. तार डोक्याच्या वर, पलीकडे खडकाची उतरण. दोघं पडलो. ही म्हणाली, या वयात हे काय खूळ. तिचा गुडघा सुजलाय.
चेअरमन म्हणाले, गाडी आणि माणसं घेऊन संध्याकाळपर्यंत येतो.

बुधवार, दि. ३
आले नाहीत. फोन लावला. कोण बोलतंय, असं विचारलं. सांगितलं. फार सभ्यपणे म्हणाले की चुकीचा नंबर लागलाय, अशी कुठली वसाहत आपल्याला ठाऊक नाही.
म्हणजे आता चार खुर्च्या त्यांच्या, नऊ, चार, शिंपी, काकू. एक आमची. आणि आम्ही दोघं.

शुक्रवार, दि. ५
गेलोच नाही तर आमचा प्लॉट सात गैरहजर. म्हणजे दोघंही.
मी बसलो तर ही—
ती बसली तर ती राहील, पण त्या चौघांबरोबर. एकटी. वाचता येत नाही तिला, तिथे काय लिहिलंय ते कोण सांगणार. पाणी कोण आणणार.
पन्नास वर्षं मोजणी केली मी. एक पोतं इकडचं तिकडे झालं नाही.

शनिवार, दि. ६
रात्रभर तिचा हात धरून बसलो. विचारलं, मी नसलो तर काय करशील? म्हणाली, आधी मी जाणार, ठरलंय आपलं.
नाही ठरलं.
पुन्हा फोन केला. चिरंजिवांना सांगितलं, आईला घ्यायला ये, काहीही कर, कुंपण तोड. तो म्हणाला, येतो, मंगळवारी येतो. दोन दिवस काढायचे आहेत तिला. दोनच. बादल्या भरल्या. भाकरी करून ठेवल्या, जाड झाल्या. गोळ्या उशाशी.

रविवार, दि. ७
साडेतीन. तिला धरून खाली आणली. खुर्चीवर बसवली. तिचा अंगठा शाईत बुडवून ठसा घेतला, सातपुढे. ती हसत होती, म्हणाली, आता मी सेक्रेटरी का?
सांगितलं, मंगळवारपर्यंत घरातच राहा, कुणी बोलावलं तरी पुन्हा इथे येऊ नकोस. हो म्हणाली.
मी बाहेर पायरीवर बसलोय. वही माझ्यापाशी नाही, ही रोजनिशी आहे. लिहीत राहिलं तर कदाचित—
रेघ ओढल्याचा आवाज आला आता.
हात दिसतोय अजून. शाई दिसतेय.
आत ती कुणाशीतरी बोलतेय. एवढं मोकळेपणाने, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं. विचारतेय, बाहेर पायरीवर ते म्हातारे कोण बसलेत? उन्हात आहेत बिचारे, त्यांना पाणी तरी—
मी आत जाऊन सांगतो तिला. सांगतो की अगं, मी