तुझ्या आवाजाची चार मिनिटं

माय, तुझा आवाज मी इंटरनेटवर टाकला आणि वीस दिवसांत काढून घेतला. तेव्हापासून माझं एका जागी बसणं होत नाही. चहा ठेवते, विसरते, उतू गेला की धावते.

खाणीत दगड निवडणाऱ्या बायांवर मी माहितीपट केला, सुट्टीच्या दिवशी फिरून, एकटीनं. शेवटची चार मिनिटं तुझी आहेत. तू जायच्या आदल्या वर्षी फोनच्या कॅमेऱ्यात घेतलेली. तू चुलीपुढे सूप घेऊन तांदूळ निवडते आहेस, बोटं खाणीतल्यासारखीच झरझर चालताहेत, आणि मान वर न करता सांगते आहेस, "दरड आली तवा ते माह्या बाजूलेच होती. ठेकेदार म्हणे, ते आज कामावर आलीच नवती असं सांग. मी सांगतलं." ती म्हणजे खाणीतली तुझी जोडीदारीण, दरडीखाली मेलेली माझी मावशी. तुम्ही दोघी एका डब्यात जेवायच्या. मी विचारलं, काहून सांगितलंस? "तू पोटात होती. काम सुटलं असतं." मग सूप दोनदा पाखडलंस. शेवटी म्हणालीस, "मी मेल्यावर सांगजो. जितेपणी नको."

तू गेल्यावर मी अकरा वर्षं थांबले, मग इंटरनेटवर टाकून सांगितलं. फोनवर नातेवाइकांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली, एका अनोळखी बाईनं रडल्याचं लिहिलं. पण जिथली गोष्ट तिथे दाखवलीच पाहिजे, असं मनानं घेतलं. आधी लालबर्रा, मग किरनापूरकडचं एक गाव. उधारीचा प्रोजेक्टर मोटारसायकलवर बांधून नेला, विहाराच्या भिंतीवर चादर लावली. तिकडे शाळा-कॉलेज हिंदीतून; कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "दीदी, हिंदी में बनाना था ना." म्हाताऱ्या बाया मात्र थेट पडद्याशीच बोलत होत्या. "हौ वं, असेच हात फुटत होते."

मावशीची मुलगी त्याच गावात दिली आहे. मीच घरी जाऊन तिला बोलावून आले होते. ती पहिल्या रांगेत बसली, तुझी चार मिनिटं पाहिली, उठली नाही. लोक पांगल्यावर जवळ आली.

"तुह्या मायनं खोटं सांगतलं, हे आमाले तवापासूनच मालूम हाय," ती म्हणाली. "माय कामावर नवती, या ठेकेदाराच्या कागदावर माह्या बापानंबी अंगठा लावला होता. त्याचंबी काम जाऊन राह्यलं होतं."

मी म्हटलं, "ताई, मायचीच इच्छा होती, खरं कळावं."

"तुही माय सांगून सुटली. माहा बाप जिता हाय, माह्याच घरी खाटेवर हाय. आता लोक त्याले विचारतीन, तू चूप काहून राह्यला? त्यानं काय सांगावं? मोबाईलवर काहून टाकलं ते?" तिचा आवाज चढला नाही. पदराचं टोक मात्र ती सारखं पिळत होती. मला तू आठवलीस, मावशीच्या घरावरून जाताना पदर पुढे ओढणारी, भराभर पावलं उचलणारी. मला वाटायचं, ऊन लागतंय तुला.

घरी आल्याआल्या माहितीपट इंटरनेटवरून काढून टाकला. पुढच्या आठवड्यात लांजीत तुझा भाग कापून बाकीचा दाखवला. लोकांना आवडला, टाळ्या झाल्या. मी मागे उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बायांचे हात, टोपल्या, गाणी, सगळं होतं. मेलेली बाई नव्हती. त्या कागदावर नव्हती, तशीच. तू सांग म्हणालीस, ती नको म्हणते, आणि मावशीला कोणी विचारूच शकत नाही. कधी वाटतं, ताईच्या म्हाताऱ्या बापापुढे जाऊन बसावं, त्यालाच विचारावं. दोनदा किरनापूरपर्यंत गेले आणि चहा पिऊन परतले.

आणखी एक, माय. त्या दिवशी ताई बोलत होती तेव्हा माझ्या गळ्यातला कॅमेरा सुरू होता. चुकून नाही. मी हातानं तो तिच्याकडे वळवला होता. सगळ्या माहितीपटात इतकं खरं दुसरं काही नाही. मी अजून ते पुसलेलं नाही, आणि तिला सांगितलेलंही नाही.