डाव्या बाजूची रंगवलेली खिडकी

यॉर्क, नोव्हेंबर १७६४

वडीलबंधू जोसलिनदादा यांस धाकट्या टॅबिथाचा नमस्कार. तुझा दमा कसा आहे? चर्चच्या छपराची गळती थांबली, की अजून लोकांच्या डोक्यावर पाणी टपकतंय? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे घर उभं आहे.

घराबद्दलच लिहायला बसले. आमच्या ह्यांनी (सेप्टिमसने, दुसरं कोण!) लोकरीच्या धंद्यातलं सगळं ओतून हा वाडा बांधला. दाराच्या उजवीकडे जितक्या खिडक्या, तितक्याच डावीकडे हव्यात, नाहीतर म्हणे घराचा चेहरा तिरळा दिसतो. आता डावीकडच्या भिंतीतून जेवणघराचं धुराडं वर जातं. मग तिथे खिडकी कशी निघणार? ह्यांनी विटांवर काळा रंग देऊन त्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी काचांच्या चौकटी काढून घेतल्या. रस्त्यावरचे लोक वाहवा करतात. आतून त्या भिंतीमागची खोली म्हणजे बंद पेटी. आणि आईला जिना चढवत नाही म्हणून ती खोली कुणाला मिळाली असेल? (दिवाणखान्याला चार उंच खिडक्या आहेत, पण तो पाहुण्यांसाठी. पाहुणे एकदाच आले. स्वयंपाकघर तळघरात, त्यामुळे मटण वर येईपर्यंत त्यावर चरबी गोठलेली. पुन्हा कुणी फिरकलं नाही.)

आई सुरुवातीला थट्टा करायची. "जावईबापू, खिडकी रंगवलीत, आता थोडं ऊनही रंगवून द्या." पण उन्हाळा संपला तशी ती अंथरुणाला खिळली आणि थट्टाही थांबली. धुराडं सोडून बाजूला खरी खिडकी काढा म्हणून मी ह्यांच्या मागे लागले, भांडले, रडले. उत्तर एकच, "अगं, तिरळं दिसेल!"

शेवटी हे लोकरीच्या सौद्यासाठी हल बंदरावर गेले, तेव्हा ती रंगवलेली खिडकी फोडायला मी ओबडाया गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाईसाहेब, मागे धुराडं आहे." मी म्हटलं, "तुम्ही फोडा." त्याने फोडलं. दादा, खोलीत उजेडाऐवजी वर्षभराची काजळी आली! आई, पलंग, मी, सगळे कोळशाच्या खाणीतून निघाल्यासारखे. आणि नेमके त्याच वेळी हे दारात.

आता घर डोक्यावर घेणार, अशी मी वाट बघत होते. पण हे आईकडे बघतच राहिले. मग गुडघे टेकून बसले, लेसच्या रुमालाने तिचं तोंड पुसू लागले. "आई, चुकलं माझं."

आई म्हणाली, "असू द्या हो. रस्त्यावरून दिसत नाही ना?"

त्याच संध्याकाळी ह्यांनी स्वतः पलंगाला हात लावून तो दिवाणखान्यात आणला. सोनेरी छताखाली आई झोपली आहे, पायाशी औषधाच्या बाटल्या. जुन्या खोलीचं रस्त्याकडचं भोक ह्यांनी बुजवलं, पण त्यावर पुन्हा खिडकी रंगवलेली नाही. येता-जाता लोक म्हणतात, घर तिरळं झालं. हे ऐकून घेतात.

तब्येत सांभाळ. वहिनीला आठवण सांग.

तुझी,
टॅबिथा

ता.क. डॉक्टर म्हणाले, आईला नाताळ दिसणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात वळेना. पत्र मिळताच नीघ.

आणखी एक. आई बजावते आहे, "जोसलिनला कळवू नकोस, रस्ते चिखलाचे आहेत, त्याला दमा आहे." आणि त्याच दमात विचारते, "त्याचं अंथरूण कुठे घालणार आहेस?"