हम येऊन राहिला

३ फेब्रु.
बरगीच्या मंडपवाल्या रमेशभैयाचा ॲम्प उघडला. प्रोटेक्शनचा लाल दिवा, आवाज बंद. सिरीज बोर्डावर, बल्बातून वीज देऊन, लावला तर बल्ब भक्क पेटला. शॉर्ट. डावीकडचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेले. बदलले, बल्ब शहाण्यासारखा मंद झाला. स्पीकर लावून ऐकलं. एकदम साफ. आमची सोना ऑफिसातून आली, म्हणे, "बाबा, ये घूं-घूं क्या है?" म्हटलं, शेजारची चक्की.

६ फेब्रु.
सकाळी रमेशभैयाचा फोन. "दादा, हम आ रहा है।" मी म्हटलं, आइए, आइए! मंदाला चहा टाकायला लावला. कोणी आलं नाही. मंदा चिडली ती वेगळीच.
संध्याकाळी परत फोन. "हम आ रहा है बोला, और आप आइए-आइए!" हम म्हणजे ॲम्पातला हम, ती घूंऽऽ. मी 'आ रहे हैं' ऐकलं. मंदा हसून हसून बेजार. मीही हसलो.
मग कळलं, ॲम्प नेला तो कार्यक्रम त्याच्याच आईच्या तेरवीचा होता. सगळं भजन त्या घूंमध्ये गेलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

८ फेब्रु.
ॲम्प परत टेबलावर. फिल्टरचे कपॅसिटर बदलले. सोनाला ऐकायला बसवलं.
"आ रहा है, बाबा."
इनपुटची तार काढली. "अब भी."
ग्राउंडचा टाका सुटल्यासारखा दिसला, पुन्हा मारला. "गया!"
मला आधीही शांत, नंतरही शांत. बावीस की तेवीस वर्षं कानावरच तर धंदा केला.
मंदा म्हणाली, "काहून इतक्या मोठ्यानं बोलून राहिले? कवापासून सांगून राहिली, कान दाखवा." सांगत होती म्हणे. भीती वाटते आहे, खरं सांगायचं तर.

११ फेब्रु.
विजय नगरला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी विचारलं, "शुरू कब करोगी, बेटा?"
ती काचेपलीकडून मंदाकडे बघायला लागली.
रिपोर्ट सोमवारी. ऑटोत मंदा काही बोलली नाही. की बोलली, कोण जाणे.