मागच्या खोलीची कडी

आबा, मागच्या खोलीत मी एक भाडेकरू ठेवलाय, आणि ठेवल्यापासून मला एका जागी धड बसवत नाही. चुलत्यांचा गोठा होता ना, तिथंच ही खोली आहे. पुढच्या खोल्यांत नागपूर-लातूरकडची, कंपनीत जाणारी पोरं राहतात. आपल्या माण गावात आता पेरायला कुणाकडं फारसं काही राहिलं नाही, सगळे खोल्याच बांधतात. हा भाडेकरू मात्र त्यांच्यातला नाही. तो तुमच्या शाळेतला आहे, म्हणजे तुम्ही ज्या तुरुंगात शिकवायला जायचात, तिथून सुटून आलाय. आतच दहावी झाला, बारावी झाला, आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर देतोय. एरवी लवळ्याला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कामाला जातो.

पहिल्याच दिवशी दारात उभं राहून त्यानं सांगितलं, "काका, आधीच सांगतो, मागनं कळायला नको. मी आत होतो. मारामारीत माणूस गेला व्हता." मी विचारलं, "आत काय केलंस?" म्हणाला, "शिकलो." एवढ्यावर मी खोली दिली. चौकीत भाडेकरूची नोंद केली. मुलगा म्हणाला, "तुमची जबाबदारी हाय बघा." सून म्हणाली, "दादा, घरात तरणी पोरगी हाय. पेपर झालं की त्याला जायला सांगा." मी दोघांनाही बरं म्हणालो. मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण जायला सांगितलं तर हा जाणार कुठं, हा विचार तेव्हापासून डोक्यात फिरतोय.

तुम्ही शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचात. अजून दिसतं मला. आई चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, तुमच्या सदऱ्याला फिनेलचा वास येतोय, आणि पारावरचं कुणीतरी रस्त्यानं जाता जाता ओरडतंय, "मास्तर, पोराला बी आत टाका, म्हंजी शिकंल!" तुम्ही हसायचात. मला हसू यायचं नाही. दाढीमिशा पिकलेल्यांचे हात धरून तुम्ही अक्षरं गिरवून घेत होता आणि मी सातवीतनं शाळा सोडून म्हशींमागं गेलो. त्याच वर्षी तुम्ही मला ते बैठं डेस्क आणलंत, तिथल्या कैद्यांनी सुतारकामात केलेलं, उतरत्या झाकणाचं. झाकण उचलून दाखवलंत. आतल्या बाजूला पेन्सिलीनं वेडंवाकडं एक नाव होतं. "ज्यानं केलं, त्यानंच लिवलंय. जन्मात पहिल्यांदा." तुम्हाला किती आनंद झाला होता. मला मात्र राग आला होता, की मी कधी काही लिहिलेलं तुम्ही असं कुणाला दाखवलं नाहीत. त्या डेस्कावर मी अभ्यास केला नाहीच. आधी गोट्या ठेवल्या, मग जनावरांची औषधं. आता खोल्यांच्या किल्ल्या असतात.

आणि तो एक कैदी, पेढे घेऊन आलेला. चौथीची परीक्षा आत पास होऊन सुटलेला, तुमच्या पाया पडला. आईनं त्याला चहा दिला, पण कप वेगळा काढून. तुम्ही चुलत्यांना म्हणालात, "गोठ्यात एक कोपरा द्या त्याला, म्हशींचं बघंल." चुलते म्हणाले, "मास्तर, तुमचं पुण्य तुमच्याजवळच ठेवा." तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आत गेला, चोरीत. त्या शनिवारी तुम्ही जेवला नाहीत. मी आपलं बोलून गेलो, "मग तुमी शिकवल्यालं फुकटच गेलं की." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण तेव्हा बघितलंत ते माराहून वाईट होतं. म्हणालात, "शिकवल्यालं न्हाई गेलं. तो गेला. अक्षरं म्या दिली त्याला. जागा कुटनं देऊ?"

हे सगळं मला आठवत होतं, आबा. म्हणून तर खोली दिली. आणि तरी पहिल्याच दिवशी, रात्रीची जेवणं उरकल्यावर, गॅस बघ, नळ बघ, फाटक बघ, असं करत फिरताना माझा हात मागच्या खोलीच्या कडीवर गेला आणि मी ती बाहेरून लावली. नात माडीवर एकटी झोपते, असं मनाशी म्हटलं. मग रोजच लावू लागलो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हळूच काढायचो. त्याला कळत नसेल, असं मला वाटायचं.

काल त्याचा पेपर होता, पुण्यात. इकडची वाहनांची गर्दी सुरू व्हायच्या आत बस धरायची, हे त्यानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी रात्रभर कसल्या कसल्या काळजीनं जागा, आणि नेमका पहाटे डोळा लागला. उठलो तर ऊन अंगणात आलेलं. धावत जाऊन कडी काढली. तो इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या काठावर बसला होता. "अरे, दार वाजवायचं! फोन करायचा!" मी त्याच्यावरच ओरडलो. तो उभा राहिला. म्हणाला, "रोज लावता ते ठाऊक हाय मला, काका. रोज उघडता बी. म्हटलं, आज बी उघडाल. आत दार वाजवायची सवय ऱ्हात न्हाई."

मी मुलाला उठवलं, गाडी काढायला लावली. मुलगा डोळे चोळत विचारतोय, "एवढा उशीर कसा केलास रं?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "दार फुगलंय, अडाकलं व्हतं." मुलगा परत येईपर्यंत मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होतो. "पळत गेला. घेतलं त्याला आत," मुलगा म्हणाला.

आज दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी ती कडी काढून टाकली. सुनेला सांगितलं, पेपर झाले तरी तो राहणार. "आन् उद्या काय झालं म्हंजी?" ती म्हणाली. मी म्हणालो, "मग मला जाब इचार." ती भांडी आपटत आत गेली. अजून बोलत नाही माझ्याशी. तिचंही काही चुकत नाही, पोटची पोर आहे. परवा त्याचा शेवटचा पेपर आहे. आता दारावर स्क्रूची भोकं दिसतात, ती बुजवायला हवीत. तो कामावरून आला, भोकांवर बोट फिरवून बघितलं, आणि आत गेला. दार उघडंच ठेवलं.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद पाठवायचा तरी कुठं, इथंच ठेवतो. एक सांगायचं राहिलं, आबा. ती कडी मी भंगारात दिलेली नाही. स्क्रूसकट तुमच्या डेस्कात ठेवली आहे.