वाकडी फळी

१२ जानेवारी, रविवार
उचलली! गिरगावसमोर वारा भरला आणि माझ्या भावाची, विनीतची कॅटॅमरॅन, ती जोडबुडाची शिडाची बोट, अख्खी पाण्याच्या वर आली — खाली टेकू फक्त बुडातून पाण्यात सोडलेल्या माझ्या वाकड्या फळ्यांचा. बाकी सगळे सरळ फळ्या लावतात. आमच्या क्लासचा, म्हणजे एका गटात शर्यत लावणाऱ्या आमच्या बोटींचा, नियम लांबी, रुंदी आणि शीड एवढंच बांधून देतो, पुढे ज्याचं त्याचं डोकं. मी माझगावच्या शेडमध्ये दोन वर्षं तेच घासत बसले होते.

मग नाक खुपसून उलटली. विनीत फेकला गेला, फळीची धार मांडीत. टाके पडले. हसत होता, वेडा.

१४ जानेवारी
संक्रांत. क्लासचा सेक्रेटरी हितेंद्र जखम बघायला आला. तिळगूळ दिला आणि लगेच — ठराव येतोय, फळी सरळच हवी. "मेघना, प्रयोग ठीक आहे गं. उद्या कोणी गेला तर?"

मी काही गोड बोलले नाही. नियमात नाहीच, तर चूक कसली? सगळ्यांच्या बोटी सारख्याच करायच्या तर शर्यत कशाला, कवायत करा म्हटलं. विनीतला म्हणाले, सांग याला. तर, "ताई, तूच बोल."

१७ जानेवारी
टाके अजून ओले. आई माझ्याशी बोलत नाही.

२२ जानेवारी
धार बोथट केली, वाकही कमी केला. आमचं फायबरचं काम वरळी कोळीवाड्यातला लवू करतो. तो म्हणाला, "आता नाय कापनार कोनाला. पन पोरगा बसंल काय परत?"

न बसायला काय झालं! मी काढलेली प्रत्येक बोट विनीतनेच पहिल्यांदा पाण्यात नेलीय. मी आपली किनाऱ्यावर.

२५ जानेवारी
उद्या मतदान. बोट ज्याच्या नावावर त्यालाच मत, म्हणजे विनीतला. मला नुसतं बोलता येईल. निम्मे आपले, निम्मे तिकडचे असं दिसतंय. ही फळी गेली तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नाही. फार भीती वाटतेय.

२६ जानेवारी, रविवार
चांगलं बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग हितेंद्रने बंदीच्या बाजूचे हात वर करायला सांगितले.

पहिला हात विनीतचा.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोही माझ्याकडेच बघत होता. हात खाली घेतला नाही.