राहण्याच्या रकान्यातलं शून्य

ता. २ एप्रिल

चि. छोटी हिस,

अ. उ. आ. गुडघ्याच्या डॉक्टरांनी जूनची तारीख दिली आहे. दोन्ही गुडघे एकदम बदलणार, म्हणजे पुढचं वर्षभर मी काठी आणि कुरकुर यांच्या आधाराने जगणार. त्याआधी तुझ्या शहरातल्या पायऱ्या माझ्या जुन्या गुडघ्यांनी चढायच्या आहेत, आणि तुझ्या घरी राहायचं आहे. दर वर्षी तूच इकडे येतेस. मला बोलावणं नाही.

सोबत वहिनी आहे. तिच्या शाळेला सुट्टी फक्त मेमध्ये, म्हणजे ऐन सीझनला. चार संध्याकाळी आम्ही दोघी खर्चाचा अंदाज मांडत बसलो आणि पाचव्या संध्याकाळी बोलेनाशा झालो. मध्यम दर्जाचं हॉटेल म्हणजे काय ते मला आता कळलं: खोली खालच्या दर्जाची, भाव वरच्या दर्जाचा. खिडकी असेल तर एक दर, खिडकीतून नदी दिसली तर दुसरा. नदी काय यांच्या वडिलांनी खणली? न्याहारी मोफत लिहितात, ती म्हणजे पावाचे दोन तुकडे आणि अंगठ्याएवढ्या डबीत जॅम. टॉवेलचे पैसे वेगळे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे पाय पसरण्याचाही आकार लावतील. वहिनीला मात्र नदी दिसलीच पाहिजे. आमच्या घरामागचा नाला ती तीस वर्षं फुकट बघते आहे, त्याचं समाधान नाही.

तेव्हा आम्ही तुझ्याकडेच उतरतो. राहण्याच्या रकान्यात मी शून्य घातलं आहे आणि त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

भावोजींना विचारल्याचं सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना. नदीचा जाब नगरपालिकेला विचारायला हवा म्हणाले.

पण ताई, मेमध्ये घराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला आगाऊ पैसे देऊन झाले. सामान सगळं मधोमध ओढलेलं, वास तो वेगळाच. त्यात तू आणि वहिनी. तुझे गुडघे जूनमध्ये बदलायचे, ते मेमध्येच बदलावे लागतील.

शिवाय सीझनला येऊच नये असं माझं मत. चौकात पाणी पाहिलं तरी पैसे पडतात. घंटाघराजवळ तर लोक एकमेकांच्या पाठीचे फोटो काढून परत जातात. यायचंच असेल तर चौकाच्या मागे दोन गल्ल्या सोडून जेव, बसचा आठवड्याचा पास काढ, संग्रहालय संध्याकाळी शेवटच्या तासाला बघ, तेव्हा तिकीट निम्मं असतं. त्यापेक्षा तारीख पुढे ढकल आणि ऑक्टोबरमध्ये ये, नव्या गुडघ्यांनी. तेव्हा शहर माणसांत येतं.

राग मानू नये. ह्यांचा नमस्कार. कृपा असावी, आणि शक्यतो शांत असावी.

तुझी छोटी

ता. १९ एप्रिल

छोटी,

आशीर्वाद पुढच्या पत्रातून पाठवीन, या पत्रात जागा नाही.

गेल्या मेमध्येही तुमच्या घराला रंग चालला होता. त्याच्या आधीच्या मेमध्येही. एवढे थर बसल्यावर आत माणसांना जागा उरली आहे का? तीस वर्षं मी मेट्रन होते. दुखत नाही म्हणणारे पेशंट मी मुठीत चुरगळलेल्या चादरीवरून ओळखायचे.

तू नाही म्हटल्यावर वहिनीने मोबाइलवर खोल्या शोधायला घेतल्या. शेवटी एक सापडली: मध्यम दर्जा, तीन माणसांची सोय, खिडकीतून नदी. तिने तिच्या नावाने आगाऊ पैसे भरूनही टाकले आणि मग मला फोटो दाखवला. फोटोत पलंग होता. पलंगावर पांढरी चादर होती, क्रोशाची. ती मी विणलेली आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेली शंखांची वीण आणि कडेला माझा स्वतःचा बावळटपणा, चौदाच शंख हवे होते तिथे चुकून एक पंधरावा. तुझ्या लग्नात दिली होती. खाली खोली भाड्याने देणाऱ्या एजंटाने लिहिलं आहे, पुरातन हस्तकला, कृपया त्यावर बसू नये. मी चौसष्ट वर्षांची आहे, पुरातन नाही, आणि ती चादर बसण्यासाठीच विणली होती.

पण मला झोंबलं ते पुढचं वाक्य. यजमान दांपत्य पाहुण्यांना दिसणार नाही याची हमी. छोटी, दोन खोल्यांच्या घरात तुम्ही दोघं कुठे जाता? मला रंगाचं उत्तर नको. कोंबडं झाकून ठेवलंस म्हणून उजाडायचं राहत नाही. कुठे झोपता, ते लिही.

तुझी ताई

ता. २७ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. उत्तर मागितलंस, घे.

कोठीत झोपतो. स्वयंपाकघराच्या मागची, जिथे इस्त्रीचं टेबल होतं ती. एक खाट मावते, तिच्यावर हे. मी खाली. एप्रिल ते ऑगस्ट. पाहुणे बाहेर पडले की मी चादरी बदलते, ते परतायच्या आत दार लावून घेतो. ह्यांना खोकला आला की उशीत खोकतात.

ह्यांचं घड्याळांचं दुकान गेलं हे तुला सांगितलं नव्हतं. मालकाने भाडं तिप्पट केलं. आता तिथे फ्रिजला चिकटवायचे चुंबक विकतात, त्यावर घंटाघराचं चित्र. ते घंटाघर वीस वर्षं ह्यांनी चालू ठेवलं. पाच महिन्यांच्या भाड्यावर आमचं वर्ष निघतं. भीक मागत नाही, कुणाचं देणं नाही.

तुला बोलावलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला पाठ आहे. दारातच नाकाला पदर, खाटेखाली बोट फिरवून धूळ बघणं, ह्यांच्यासमोर मला भाषण, आणि जाताना उशीखाली पैसे. ते मला नको होतं. सीझनमध्ये हे घर माझं नसतं, मग तुला पाहुणी म्हणून कुठल्या तोंडाने बोलावू?

वहिनीचे पैसे एजंटाकडून परत पाठवते. रद्द केल्याचा दंड पडतो, तो मी भरीन. तुम्ही येऊ नका. रागावलीस तरी चालेल, येऊ नकोस.

छोटी

ता. ४ मे

चि. छोटी हिस,

मागचे राहिलेले धरून दुप्पट आशीर्वाद.

खोली रद्द होणार नाही. उलट मी आणखी चार रात्री वाढवून घेतल्या आहेत आणि पूर्ण भाव भरला आहे, सीझनचा, नदीसकट. शून्याच्या जागी आता एक आकडा आहे, तो बघून बँकेतल्या मुलीने मला पाणी दिलं. हे उशीखाली ठेवलेले पैसे नाहीत. पावती आहे, आणि तुझ्या एजंटाने त्यातही आपला हिस्सा कापला आहे, तेव्हा दान म्हणायची सोय उरली नाही.

धूळ मी बघणार. तो माझा स्वभाव आहे, बिल भरलेल्या पाहुणीचा तर हक्कच. भाषणही होईल, पण ते तुला नाही, तर भावोजींच्या दुकानाच्या मालकाला, चुंबक घ्यायच्या निमित्ताने.

आता झोपण्याचं. खोली तीन माणसांची, मी पैसे भरले, तेव्हा आत कोण झोपेल ते मी ठरवणार. पलंगावर तू आणि भावोजी. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, ऐन सीझनमध्ये, खिडकी उघडी टाकून. भावोजींना म्हणावं, मोकळ्या गळ्याने खोका. तिसऱ्या माणसाच्या खाटेवर मी. माझ्या घोरण्याबद्दल तक्रार असेल तर एजंटाकडे करावी.

ती चादर अंगावर घ्या, किंवा तिच्यावर बसा.

आम्ही शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. स्टेशनवर येऊ नकोस, दारात उभी राहा, एवढंच मागणं.

कोठीत कोण झोपणार हे वहिनीला अजून सांगितलेलं नाही. गाडीने वेग घेतला की सांगेन.

तुझी ताई